दारूला न शिवताही लिव्हर बिघडते, ते कसे?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. बावन्न वर्षांचे एक गृहस्थ पत्नीला घेऊन दवाखान्यात आले. एका सोसायटीत ते रात्रपाळीचे वॉचमन आहेत. पोटात दुखले, मुतखड्याचा संशय आला म्हणून बाहेर कुठेतरी सोनोग्राफी करून घेतली होती. खडा निघाला नाही. पण रिपोर्टच्या शेवटी एक ओळ होती : फॅटी लिव्हर, ग्रेड दोन. तो कागद त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला तोही पालथा. बाई शेजारी पदराने डोळे पुसत होत्या.

"मॅडम, मी पंचशील घेतलेला माणूस. तीस वर्षं झाली, थेंबाला शिवलो नाही. आता हे लिव्हरचं लोकांना कसं सांगू?"

घरात काय घडले ते हळूहळू कळले. थोरल्या भावाने रिपोर्ट वाचला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "रात्रपाळीत कोण बघायला येतंय?" मेहुणा हसला. त्या रविवारपासून या गृहस्थांनी विहारात वंदनेला जाणे सोडले. पुढची तपासणीही नको म्हणाले, कारण लिव्हरची तपासणी करायला गेलो की लोकांची खात्रीच पटणार. पत्नीने हात धरून आणले म्हणून आले, नाहीतर आले नसते.

भावाला मी फार दोष देत नाही. आपल्या वस्त्यांत दारूने पोट फुगून, डोळे पिवळे होऊन गेलेला माणूस प्रत्येक गल्लीत एखादा तरी होऊन गेला आहे. लिव्हर म्हटले की तोच चेहरा समोर येतो. पण दारूशिवायही लिव्हरमध्ये चरबी साठते, आणि आज आपल्या देशात हे फार मोठ्या प्रमाणावर होते आहे. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये हा आजार मधुमेह, हृदयविकार, कर्करोग यांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला. त्या वेळी सरकारनेच दिलेल्या आकड्यांनुसार देशातल्या सर्वसाधारण लोकांपैकी ९ ते ३२ टक्के लोकांना हा आजार आहे, आणि मधुमेह असलेल्यांत तर ४० ते ८० टक्के. म्हणजे तुमच्या चाळीत मधुमेहाची दहा माणसे असतील तर त्यांतल्या चार ते आठ जणांच्या लिव्हरमध्ये चरबी असणार. त्यांतल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नसेल.

मटणाच्या दुकानातली कलेजी आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे. गडद तांबडी, गुळगुळीत, घट्ट. माणसाचे यकृतही तसेच असते, फक्त मोठे. वजन साधारण दीड किलो, जागा उजव्या बरगड्यांखाली. चरबी साठली की त्याचा रंग पिवळट होतो, ते फुगते, मऊ पडते. यकृताच्या पेशींपैकी पाच टक्क्यांहून जास्त पेशींत चरबीचे थेंब दिसू लागले की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. दुखत नाही, खुपत नाही. कुणाला उजव्या कुशीत जडपणा वाटतो, कुणाला थकवा येतो, पण बारा तासांची ड्युटी करणाऱ्याला थकवा कशाचा हे कोण शोधत बसणार?

आता ही चरबी येते कुठून? "मी तेलकट फार खात नाही" असे या गृहस्थांनीही सांगितले. पण लिव्हरमधली चरबी केवळ खाल्लेल्या तेलातुपाची नसते. यकृत हे शरीरातले साखरेचे कोठार आहे. जेवणातून आलेली साखर ते साठवते आणि उपाशीपोटी थोडी थोडी रक्तात सोडते. या कोठारात जेमतेम शंभर ग्रॅम साखर मावते. कोठार भरलेले असताना वरून आणखी येतच राहिली, तर यकृत त्या साखरेची चरबी बनवते. साध्या साखरेचा अर्धा भाग फ्रुक्टोज असतो, आणि त्याची विल्हेवाट लावायचे काम बहुतांशी यकृतावरच पडते. त्यात पोटावर घेर असेल तर त्या घेरातली चरबीही रक्तावाटे थेट यकृतात उतरते.

दुसरी अडचण इन्सुलिनची. इन्सुलिन ही पेशीचे दार उघडणारी किल्ली. पोटाचा घेर वाढला, हालचाल कमी झाली की कुलपे गंजतात. किल्ली असते, पण फिरत नाही. मग शरीर आणखी इन्सुलिन बनवते, आणि हे जादा इन्सुलिन यकृताला आणखी चरबी बनवायला लावते. अनेक जण विचारतात, "रात्री भाकरीचा एक तुकडा खाऊन झोपलो, तरी सकाळी उपाशीपोटी साखर एवढी कशी?" त्याचे उत्तर इथे आहे. चरबीने भरलेले यकृत इन्सुलिनचे ऐकत नाही आणि रात्रभर रक्तात साखर सोडत राहते. मधुमेहामुळे लिव्हर बिघडते आणि बिघडलेल्या लिव्हरमुळे मधुमेह वाढतो. रक्तदाब आणि रक्तातली चरबी ही दोन दुखणीही याच घरची. म्हणून फॅटी लिव्हरच्या रुग्णांमध्ये मृत्यूचे सर्वांत मोठे कारण लिव्हर नसून हृदयविकार हे आहे. सोनोग्राफीत लिव्हरची चरबी दिसली तर तो छातीबद्दलचाही इशारा समजावा.

मधुमेहाला अजूनही काही जण श्रीमंतांचा आजार म्हणतात. आपल्याकडे तसे म्हणायची सोय नाही. बाबासाहेबांना या आजाराने शेवटच्या वर्षांत किती छळले हे आपल्याला ठाऊक आहे.

त्या गृहस्थांचे हात-पाय बारीक होते. वजन ७० किलो, उंची साडेपाच फुटांच्या आत. शर्ट घातला की कुणी जाड म्हणणार नाही. पण टेप लावला तर कंबर ९९ सेंटिमीटर! भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत आणि बाईची ८० सेंटिमीटरच्या आत हवी. बारीक अंग आणि आत चरबी, हा प्रकार आपल्याकडे इतका का आढळतो, यावर आपल्या पुण्यातच मोठे काम झाले आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांच्याबरोबर स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण इंग्रज डॉक्टरांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या अंगात २१.२ टक्के.

त्याआधी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत त्यांच्या चमूने गरोदर बाया आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास सुरू केला होता. या बाळांचे जन्माचे वजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे लहान, स्नायू कमी, पण चरबी मात्र त्या मानाने राखलेली. अभ्यासकांचे म्हणणे असे की, आईच्या पोटात अन्न कमी मिळालेल्या बाळाचे शरीर टंचाईसाठी तयार होते. पुढे त्याच शरीराला भरपूर साखर-पीठ मिळाले आणि कष्ट कमी झाले की ते लवकर मधुमेहाकडे झुकते. हे वाचताना मला आपल्या आज्या आठवतात. दुष्काळी कामावर खडी फोडलेल्या, सगळ्यांची ताटे झाल्यावर उरलेले खाणाऱ्या, पोटुशीपणीही अर्धपोटी राहिलेल्या. त्यांची भूक नातवंडांच्या कंबरेवर निघते आहे असे कुणी म्हटले, तर मला ते खोटे वाटत नाही. तेव्हा "मी कुठे जाड आहे?" एवढ्यावर निश्चिंत राहू नये. काट्याइतकाच टेपही महत्त्वाचा.

आशाताई तिशीपुढच्या माणसांचा एक फॉर्म भरतात. त्यात वय, तंबाखू, दारू, कंबरेचे माप, आठवड्याची हालचाल, आई-वडिलांना मधुमेह-रक्तदाब होता का, असे प्रश्न असतात. गुण चारच्या वर गेले की तपासणीसाठी आधी पाठवतात. आपल्या बाया त्या टेपला हसून नाही म्हणतात आणि पुरुष घरी सापडत नाहीत. पुढच्या वेळी माप घेऊ द्या.

आता रिपोर्ट कसा वाचायचा. ग्रेड एक, दोन, तीन यावरून सोनोग्राफीत चरबी किती दिसते एवढेच कळते. खरा प्रश्न वेगळा आहे : चरबीमुळे सूज आली आहे का, आणि त्या सुजेने लिव्हरवर वण पडू लागले आहेत का? नुसती चरबी बहुतेकांत तिथेच थांबते. काहींत सूज येते, वर्षानुवर्षे वण वाढत जातात आणि शेवटी लिव्हर दगडासारखे कडक, आक्रसलेले होते. यालाच सिरोसिस म्हणतात. जलोदर, रक्ताची उलटी, काळी शौच, कावीळ, भ्रम ही लक्षणे तेव्हाची, आणि तोवर फार उशीर झालेला असतो. मधुमेह असेल तर या वाटेने पुढे जाण्याची शक्यता जास्त. म्हणून मधुमेही माणसाने "ग्रेड एकच आहे" म्हणून कागद कपाटात टाकू नये. एसजीपीटी नॉर्मल आली म्हणूनही नाही. चरबी असून ती नॉर्मल असू शकते.

वणांचा पहिला अंदाज घ्यायला एक स्वस्त हिशेब आहे, त्याला फिब-फोर म्हणतात. वयाला एसजीओटीने गुणायचे. मग प्लेटलेटच्या हजारांतल्या आकड्याला एसजीपीटीच्या वर्गमुळाने गुणायचे आणि पहिल्या उत्तराला या दुसऱ्याने भागायचे. घाबरू नका, दहावीतली मुलगी मोबाइलवर करून देईल. या गृहस्थांचे वय ५२, एसजीओटी ४६, एसजीपीटी ६४, प्लेटलेट २ लाख १० हजार. ५२ गुणिले ४६ म्हणजे २३९२. ६४चे वर्गमूळ ८, आणि २१० गुणिले ८ म्हणजे १६८०. भागाकार १.४२. उत्तर १.३च्या आत असेल तर मोठे वण असण्याची शक्यता कमी. २.६७च्या वर असेल तर तज्ज्ञाकडे लगेच जावे. मधले असेल तर फायब्रोस्कॅन करून घ्यावा. त्यात सुई नाही, सोनोग्राफीसारखेच वरून तपासतात. वय पासष्टच्या पुढे असेल तर पहिली सीमा २ धरतात. यांचे उत्तर मधले आले म्हणून मोठ्या रुग्णालयात पाठवले. मोठे वण नव्हते. बी आणि सी काविळीच्या तपासण्याही केल्या, कारण लिव्हर बिघडायला दारू आणि साखर ही दोनच कारणे नसतात. त्या दोन्ही निगेटिव्ह आल्या.

मग आम्ही त्यांच्या रात्रीचा हिशेब मांडला. रात्री आठ ते सकाळी आठ ड्युटी. झोप येऊ नये म्हणून दर दोन तासांनी चहा, म्हणजे सहा कप. प्रत्येकात दोन चमचे साखर. बारा चमचे म्हणजे साधारण ५० ग्रॅम, महिन्याला दीड किलो. एकट्या चहातून! जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाला २५ ग्रॅमच्या आत साखर असेल तर उत्तम. चहाबरोबर ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा, त्याच्या वजनाचा जवळपास चौथा भाग साखरच. सकाळी सुटताना दोन वडापाव, घरी येऊन झोप, संध्याकाळी उठून रेशनच्या तांदळाचा भरपूर भात आणि तर्रीची आमटी. बारा तास खुर्चीवर. रात्रपाळीने शरीराचे घड्याळ बिघडते आणि साखर-रक्तदाब वाढायला तेवढेही कारण पुरते. या माणसाने दारू सोडून जे राखले, ते चहाने हळूहळू पोखरले होते.

"मटण बंद करू का?" हा त्यांचा पहिला प्रश्न. हा प्रश्न मला नेहमी येतो, आणि त्यामागे आधीच्या एखाद्या डॉक्टरचे बोलणे असते. आपल्या माणसांना काहीही झाले की आधी मांसाहारावर बोट ठेवायची काही जणांना सवय आहे. अंडी, मासळी, चिकन यांनी लिव्हरमध्ये चरबी भरत नाही. उलट वजन उतरवताना स्नायू टिकायला प्रथिने लागतातच. सुकट, बोंबील धुऊन खारटपणा काढून खाल्ले तर स्वस्त आणि चांगले. मटण कधीमधी, बेताने. खाली ठेवायची ती वरची तर्री, तळण आणि त्याबरोबरचा ढीगभर भात. तेलाचे माप माणशी महिन्याला अर्धा लिटर धरा. पाच माणसांच्या घरात महिन्याला अडीच लिटरच्या वर जात असेल तर कढईकडे बघायला हवे.

भात सोडा असे मी म्हणत नाही. रेशनवर तांदूळ-गहूच मिळत असताना तसे सांगणे सोपे असते, करणे नाही. पण पाचांतले तीन दिवस ज्वारी-बाजरीची भाकरी जमत असेल तर करा. भाताची वाटी एक ठेवा आणि आधी मटकीची उसळ, माठ, शेपू, अंबाडी, चुका यांनी पोट भरा. फळ खा, रस पिऊ नका. गूळ आणि साखर यांत लिव्हरला फरक कळत नाही, तेव्हा "मी गुळाचा चहा घेतो" ही पळवाट बंद. थंड पेयाच्या पाव लिटरच्या बाटलीत पाच-सहा चमचे साखर असते. जयंतीच्या मिरवणुकीत आपण पोरांच्या हातात दोन-दोन बाटल्या देतो. मठ्ठा, लिंबू-मीठपाणी दिले तर उत्साह कमी होणार नाही. फॅटी लिव्हर आता मुलांतही दिसते. पाच-दहा रुपयांची पाकिटे त्याचे एक कारण आहे.

वजन किती उतरवायचे? पाच टक्के उतरले की चरबी कमी होऊ लागते, सात टक्क्यांच्या पुढे सूज उतरते, दहा टक्के उतरले तर अनेकांचे वणसुद्धा भरू लागतात. लिव्हर हा असा अवयव आहे की त्याला वेळेवर सवड दिली तर तो स्वतःला दुरुस्त करतो. ७० किलोच्या माणसाला पाच ते सात किलो. मात्र महिन्याला दोन-तीन किलोंपेक्षा घाई नको. उपाशी राहून झटक्यात वजन उतरवले तर लिव्हर आणखी बिघडू शकते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना न विचारता जेवण टाळू नये, साखर एकदम उतरते. गरोदर बाईने वजन उतरवायचा विचारच करू नये.

"बागेत चाला" असे लिहून द्यायला मला संकोच वाटतो. आपल्या वस्तीला बाग कुठली? आणि धुणीभांडी करून आलेल्या बाईला चाल म्हणायचे तरी कसे? पण दिवसभर राबणे आणि सलग दमाने चालणे यांत फरक आहे हेही खरे. आठवड्याला दीडशे मिनिटे, बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. वॉचमनसाहेबांनी यावर स्वतःच तोड काढली : दर दोन तासांनी चहाऐवजी दोन्ही इमारतींना दहा मिनिटे फेऱ्या. सोसायटीचे सेक्रेटरीही खूश, वॉचमन इतकी गस्त घालतो म्हणून.

औषधाबद्दल थोडक्यात. लिव्हर टॉनिकच्या बाटलीने चरबी धुऊन निघत नाही. ते पैसे मटकीवर आणि अंड्यांवर खर्च करा. झाडपाल्याची औषधे निर्धोकच असतात असे समजू नये. कोविडच्या काळात गुळवेलीचे काढे घेणाऱ्या सहा जणांच्या लिव्हरला इजा झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने ती मान्य केली नाही, पण आधीच बिघडलेल्या लिव्हरवर असे प्रयोग कशाला? कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर "लिव्हर खराब आहे" म्हणून ती मनाने बंद करू नका. फॅटी लिव्हरमध्ये ती बहुतेकांना चालते आणि हृदयासाठी तिची गरज असते. तंबाखू, मिश्री सोडा. आणि ज्यांच्या लिव्हरमध्ये चरबी आहे त्यांनी दारू घेतली तर दोन्ही आगी एकत्र लागतात. "थोडी चालते" असे कुणी सांगितले तरी ऐकू नका.

या आजाराचे इंग्रजी नाव पूर्वी "दारूविना होणारा" अशा अर्थाचे होते. २०२३ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी ते बदलले आणि शरीराच्या साखर-चरबीच्या व्यवहारातील बिघाडाशी त्याला जोडले. जुन्या नावात दारूचा उल्लेख होता, आणि त्याने रुग्णाला विनाकारण खाली मान घालावी लागते, हेही बदलण्यामागचे एक कारण होते. मी हे त्या गृहस्थांना सांगितले आणि एका कागदावर सही-शिक्क्यानिशी मराठीत लिहून दिले : हा आजार दारूमुळे झालेला नाही. असा दाखला मी आयुष्यात पहिल्यांदाच दिला. तो त्यांनी भावाला दाखवला की नाही, ते मी विचारले नाही.

सहा महिन्यांनी वजन साडेपासष्ट, कंबर ९३, एसजीपीटी ६४ वरून ३८. कंबर अजून नव्वदच्या आत यायची आहे. चहा दोन कप, बिनसाखरेचा. पहिला महिना तोंड वाकडे करून प्यायले म्हणे.

पण सांगायचे राहिले ते त्यांच्या पत्नीचे. पहिल्याच दिवशी मी टेप त्यांच्याकडे वळवला तर त्या मागे सरकल्या. "मला काय झालंय? यांचं बघा." खूप आग्रह केल्यावर उभ्या राहिल्या. कंबर ९४. उपाशीपोटी साखर तपासली तर १४८. १२६ आणि त्याच्या वर म्हणजे मधुमेह. दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासली, तेवढीच. पाच वर्षांत स्वतःची कुठलीच तपासणी त्यांनी केली नव्हती. सगळ्यांचे झाल्यावर पातेल्यातला उरलेला भात वाया जाऊ नये म्हणून खायच्या, हे सांगताना त्यांना त्यात काही विशेष वाटले नाही. आता त्यांची गोळी चालू आहे, सोनोग्राफी झाली आहे, त्यांच्याही लिव्हरमध्ये चरबी निघाली. भात आता त्या मोजून शिजवतात. पुढच्या तपासणीची तारीख दोघांना एकच दिली आहे.